राजकन्या माहेरी निघाली

“मी सांगतो की!”

एवढे तीन शब्द जयसिंगच्या तोंडून निसटले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण निसटले. तेही कुणापुढं, तर बहिणीला बघायला आलेल्या पाव्हण्यांपुढं. आता भोगा म्हणावं!

जयसिंग दौंड स्टेशनात पार्सल क्लार्क होता. मूळ गाव खुटबाव. आईबाप लवकर गेले, पाठीवर एकच बहीण, हौसा. तिला त्यानं आणि त्याच्या बायकोनं, सिंधूबाईनं, पोटच्या पोरीसारखं वाढवलं. पोरगी नाकीडोळी नीटस, हाताला चलाख, सातवी पास. तरी दोन स्थळं आली, पोहे खाल्ले, ‘कळवतो’ म्हणाली आणि जी गेली ती गेलीच. गावाकडची जमीन म्हणजे बैल वळवायचा तर शेजाऱ्याच्या बांधावर पाय पडायचा. हौसाच्या बाजूनं सांगण्यासारखं एकच होतं, भाऊ रेल्वेत आहे.

तिसऱ्या वेळी मध्यस्थ होते वरवंडचे पोपटराव. ते मुरलेले. त्यांनी त्या एकाच गोष्टीला पदरची फोडणी दिली. “भाऊ नुसता रेल्वेत न्हाई, साहेबाशी इंग्रजीत बोलतो. समोरासमोर!”

आता हे अगदीच खोटं होतं असंही नाही. जयसिंगला इंग्रजी येत होतं, पण खोक्यांवरचं. ‘धिस साइड अप’, ‘हँडल विथ केअर’, नासणाऱ्या मालावरचं ‘पेरिशेबल’, ‘डॅमेज’. साहेबानं काही विचारलं की तो ‘येस सर’ म्हणायचा. प्रश्न फारच लांबला तर ‘नो सर’. एवढ्या भांडवलावर त्यानं इतकी वर्षं नोकरी निभावली होती. (आपल्यातले पुष्कळजण निभावतात, उगीच हसू नका.)

तर एका शनिवारी मांडवगण फराट्याहून पाव्हणे आले. मुलाचे वडील आनंदराव, गावच्या सोसायटीचे चेअरमन, आणि त्यांची आई झुंबरबाई. आनंदराव गडी मोकळा, मिशीतल्या मिशीत हसणारा. झुंबरबाई मात्र करारी. चेअरमन गावात कितीही गुरगुरले तरी घरात शब्द म्हातारीचाच. हौसाला बघून तिनं मान हलवली. सकाळी बोलणी करू, सुपारी फोडू आणि मग एसटी धरू, असं ठरलं. सिंधूबाईनं आत जाऊन देवाला साखर ठेवली.

राहिली मधली संध्याकाळ. स्टेशन दाखवून झालं, नदीचा पूल दाखवून झाला. परत येताना रेल्वे कॉलनीतल्या हॉलच्या भिंतीवर आनंदरावांना एक चित्र दिसलं आणि ते जागच्या जागी थांबले. चित्रात किल्ला, किल्ल्यापुढं घोडा आणि घोड्यावर डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात बसलेला माणूस, हातात ही एवढी तलवार! ह्या हॉलमध्ये शनिवारी पडदा लावून पिक्चर दाखवायचे. इंग्रजी पिक्चर सगळ्या जगात हिंडून, अंगभर ओरखडे घेऊन, सगळ्यात शेवटी दौंडला यायचे.

आनंदरावांना जुन्या राजेरजवाड्यांच्या पिक्चरचं भारी वेड. जत्रेतल्या तंबूत तलवारीचा पिक्चर लागला की चेअरमन मीटिंग सोडून पुढं जाऊन बसायचे.

“बघावं वाटतंय,” ते म्हणाले. “पर इंग्रजी हाय. आपल्याला काय कळणार, कप्पाळ?”

आणि जयसिंग बोलून गेला, “मी सांगतो की!”

घरी सिंधूबाईनं त्याला चुलीपाशी गाठलं. “अवो, तुम्हाला कळतंय का त्यातलं?”

“तलवारीला कसली आलीय भाषा?” जयसिंग म्हणाला. “ह्यानं त्याला मारलं, त्यानं ह्याला मारलं. त्यात कळायचं काय हाय?”

हॉलमध्ये पुढं सतरंजीवर पोरंटोरं, मधे बाकांवर रेल्वेतली खलाशी-फिटर मंडळी बायकापोरांसकट आणि मागं खुर्च्यांवर साहेब लोक. जयसिंग मधोमध बसला. एका हाताला आनंदराव, दुसऱ्या हाताला झुंबरबाई, पलीकडं सिंधूबाई आणि हौसा. दिवे गेले. पडद्यावर किल्ला आला.

“हा किल्ला,” जयसिंगनं सुरुवात केली.

“ते दिसतंय. नाव काय त्याचं?”

“इंग्लंडचा किल्ला,” त्यानं ठोकून दिलं.

मग राजा आला. दाढीवाला, डोक्यावर मुकुट. लांबच्या लांब टेबलाशी त्याचे सरदार बसलेले, आणि सगळे दोन्ही हातांनी भाजलेल्या तंगड्या चावतायत. राजा उठून बोलायला लागला तो थांबेच ना.

“काय म्हणतोय वं?” आनंदरावांनी विचारलं.

जयसिंगनं कान टवकारले. सगळ्या भाषणात खोक्यावरचा एकही शब्द नाही! “म्हणतोय... औंदा पाऊस कमी हाय.”

“आन् ह्ये समदे तंगड्या वढत्यात ते?”

“नासायच्या आत संपवा म्हणतोय.”

आनंदरावांनी नुसता मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात लोखंडी सरदारांची रांग खळखळाट करत आत आली.

“का वं,” झुंबरबाईनं विचारलं, “आतनं खाजलं मंजी काय करत असत्याल?”

“त्याला वेगळा माणूस ठेवलेला असतो, आजी.”

इथपर्यंत निभावलं. पण जयसिंगला भीती दुसरीच होती. इंग्रजी पिक्चरमध्ये काय काय असतं ते त्यानं पार्सल ऑफिसात ऐकलं होतं, आणि शेजारी म्हातारी माणसं, लग्नाची बहीण! हे आधी सुचायला हवं होतं. (पण आधी सुचलं असतं तर तो जयसिंग कसला?) पडद्यावर राजकन्या आली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला.

मोठं मैदान होतं. दोन घोडेस्वार समोरासमोर भाले रोखून लढणार होते. त्यातला एक, देखणासा, घोडा घेऊन सज्ज्याखाली आला. राजकन्या वरनं वाकली. तिनं गळ्यातला रेशमी रुमाल काढला आणि त्याच्या दंडाला गाठ मारून बांधला. त्यानं मान लववली.

जयसिंगला हायसं वाटलं. अख्ख्या पिक्चरमध्ये पहिल्यांदाच त्याला काहीतरी कळलं होतं!

“राखी!” तो जवळजवळ ओरडलाच. “आजी, राखी बांधली! भैन-भाऊ हाईत ती!”

“अगं बाई! त्यांच्यातबी असती व्हय राखी?”

“पूर्वी हुती.”

“पर दंडाला?”

“मनगटाला लोखंड हाय ना, आजी.”

“दंडालाबी लोखंडच हाय की वं,” आनंदराव म्हणाले.

“त्यांच्यात दंडालाच बांधत्यात,” जयसिंगनं विषय मिटवला.

झुंबरबाईनं डोळ्याला पदर लावला. “माझा आण्णा असाच हुता. घोडं नव्हतं त्याच्यापाशी, पर माया अशीच. वारला बिचारा.” मागच्या बाकावरच्या बायकांनी हे ऐकलं. एक जण पुढं वाकून म्हणाली, “जरा मोठ्यानं सांगा की भाऊ. आम्हालाबी कळू द्या.”

झालं. आयुष्यात जयसिंगचं बोलणं इतक्या माणसांनी कधी ऐकलं नव्हतं. घरात ऐकत नव्हते, हापिसात तर नव्हतेच. त्यानं खाकरून घसा साफ केला आणि आवाज चढवला. सिंधूबाईनं तोंडानं ‘च्च’ केलं, पण ते आता कुणाला ऐकू येतंय?

रात्र झाली पडद्यावर. देखणा गडी किल्ल्याच्या भिंतीवरनं वेलाला धरून राजकन्येच्या खिडकीत चढला.

“आता ह्यो का आला?” झुंबरबाईनं विचारलं.

“भैनीला माहेरी न्यायला आलाय.”

“खिडकीतनं?”

“सासरचे धाडत न्हाईत.”

“आगं आई गं!” मागची बाई म्हणाली. “सासुरवास हाय पोरीला!”

हा हा म्हणता बाकाबाकांवर बातमी गेली. राजकन्येला सासुरवास आहे. दाढीवाला राजा तिचा सासरा. काळ्या लोखंडातला उग्र माणूस होता, तो तिच्याकडं रोखून बघायचा, त्याला जयसिंगनं दीर करून टाकला. राजा काही बोलला की जयसिंग सांगायचा, “म्हणतोय, पंचमीलाबी धाडायची न्हाई.” बायका हळहळायच्या. एकीनं तर आपल्या सासूकडं बघून मोठ्यानं नाक ओढलं. हौसाचेसुद्धा डोळे भरून आले.

“सासरची माणसं एवढी वाईट असत्यात व्हय, जयसिंगराव?” आनंदरावांनी शांतपणे विचारलं.

जयसिंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे बापरे! आपण हे कुणाला सांगतोय? उद्या सकाळी ह्यांच्याच घरात पोरगी द्यायचीय! “न्हाई न्हाई,” तो घाईघाईनं म्हणाला, “हिची सासू लई चांगली हाय. सोन्यासारखी बाई.”

“कुठं हाय ती?” झुंबरबाईनं पडदा न्याहाळत विचारलं.

“वारली.”

पुढं लढाई जुंपली. देखणा गडी आणि काळा दीर गोल जिन्यावर तलवारीनं भिडले. समया पडल्या, मेजं उलटली, खालची पोरं बोंबलायला लागली. झुंबरबाई बाकाच्या कडेवर सरकली. “हाण त्येला! हाण! लेकी-भैनीला कोंडतोय व्हय?” दीर एकदाचा जिन्यावरनं गडगडत खाली गेला. हॉलभर टाळ्या. मागनं बाई ओरडली, “जा गं बाई आता माहेरी!”

राजकन्या धावत आली. देखण्यानं डोक्यावरचं लोखंड काढून भिरकावलं. जयसिंगनं शेवटचं वाक्य मनात जुळवलं होतं, ‘भैन-भावाची भेट झाली, आता माहेरी चालली.’ ते त्यानं अगदी खड्या आवाजात म्हटलं. तेवढ्यात देखण्यानं तिला मिठी मारली. बायकांनी डोळे पुसले.

आणि त्यानं तिच्या तोंडावर तोंड ठेवलं.

पडदा काय लहान होता? दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील एवढा. त्यावर ही एवढाली दोन तोंडं. जयसिंगला वाटलं, आता संपेल. संपेना. त्या काळच्या लोकांना दम फार असावा. 

झुंबरबाई उठली. ती बाकावर चढली. आणि पडद्याकडं बोट करून ओरडली, “आरं मुडद्या! भैन हाय ती तुझी!”

मग जो गदारोळ झाला! “बंद करा!” “शोभतं का ह्ये?” “लाज न्हाई मेल्यांना!” मागच्या बाकावरनं एक चप्पल सुटली ती बरोबर पडद्यावर. पडदा हलला, तोंडं हलली, पण सुटली नाहीत. सतरंजीवरची पोरं आनंदानं नाचायला लागली. शेवटी मशीन बंद पडलं आणि दिवे लागले.

मागच्या खुर्चीतनं एक आडदांड गोरेला अँग्लो-इंडियन इंजिन-ड्रायव्हर साहेब उठून आला. “क्या हुआ?” त्यानं विचारलं.

“भैन-भाऊ हाईत ते साहेब!” चार बायका एकदम म्हणाल्या.

“किसने बोला?”

हॉलमधली सगळी बोटं जयसिंगकडं वळली. साहेब त्याच्यापुढं उभा राहिला आणि इंग्रजीत काहीतरी भलामोठा प्रश्न टाकला. त्यात ‘यू’ तेवढं जयसिंगला कळलं.  साहेबाशी समोरासमोर इंग्रजीत बोलणारा माणूस आता बोलणार होता. ‘येस सर’ म्हणावं तर अंगलट यायचं, ‘नो सर’ म्हणावं तर तेही अंगलटच.  तोंडात जे पहिलं आलं तेच त्यानं म्हटलं.

“धिस साइड अप, सर.”

साहेब त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं एकदा वर छताकडं पाहिलं. मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्या खुर्च्या हसल्या आणि मग बाकंसुद्धा. ज्या बायका आत्तापर्यंत रडत होत्या त्याही हसल्या. ते हसणं जयसिंगनं एक वेळ सोसलं असतं. पण हौसानं मान खाली घालून पदर तोंडावर ओढून घेतला, ते मात्र त्याच्या काळजाला लागलं. इतकी शरम त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती. वाटलं, एखाद्या पोत्यात शिरावं, तोंड शिवून घ्यावं आणि कुणीतरी आपल्याला पुढच्या गाडीनं लांब सोलापूरकडं रवाना करावं.

पिक्चर पुढं चालू झाला, पण ही मंडळी उठून आली.  घरी सिंधूबाईनं ताटं वाढली. झुंबरबाईनं ताट पुढं सरकवलं आणि भिंतीला टेकून बसली. “मला भूक न्हाई,” ती म्हणाली. न खाता बसलेला पाव्हणा म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला सांगायला लागत नाही. स्थळ मोडल्यात जमा होतं.

जयसिंगच्या हातातला घास हातातच राहिला. तो उठला आणि आनंदरावांपुढं हात जोडून उभा राहिला.

“चेअरमनसाहेब, मला इंग्रजी येत न्हाई. खोक्यावरचं तेवढं वाचता येतं. आजचं समदं मी मनानंच सांगितलं. माझं चुकलं. पर माझ्या तोंडाची शिक्षा पोरीला देऊ नका.”

“येत न्हाई ते मला तंगड्यांपाशीच कळलं हुतं,” आनंदराव म्हणाले.

“मग... मग बोलला का न्हाईत?”

“मजा येत हुती.”

“तुला मजा येत हुती!” झुंबरबाई कडाडली. “आन् मी? रुमाल बांधताना पोरगी लाजली तवाच माझ्या मनात आलं, भावाला बांधताना एवढी कशाला लाजती? पर म्हणलं, रेल्वेतला माणूस सांगतोय. त्या मेल्यासाठी मी आण्णाच्या नावानं रडले वं! चार बायकांदेखत रडले!”

  तेव्हा सिंधूबाईच्या मागनं हौसा पुढं आली. दिवसभर पाव्हण्यांपुढं ‘व्हय’ आणि ‘न्हाई’शिवाय ती बोलली नव्हती.

“आजी,” ती म्हणाली, “आधी दोन पाव्हणे आले, तवा दादा खरं बोलला हुता. जमीन किती, पगार किती, इंग्रजी किती. ते उठून गेले. म्हणून ह्या टायमाला त्यो गप बसला. पोपटमामा बोलले ते त्यानं खोडलं न्हाई, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला नका बोलू.”

झुंबरबाईनं पोरीकडं बघितलं. मग ताट पुढं ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

“पोरगी आमची,” ती म्हणाली. “ह्या घरात एक तरी धडपणी बोलणारं माणूस हाय.”

सिंधूबाईनं हौसाला जवळ घेतलं. जयसिंग तर म्हातारीच्या पायावरच पडायला निघाला. तिनं हातानं त्याला अडवलं.

“थांबा. माझी एक अट हाय.”

जयसिंगच्या मनात सायकलपासून सोन्याच्या अंगठीपर्यंत सगळं येऊन गेलं. “सांगा आजी. अंगावरचं विकीन.”

“तुम्ही मांडवगणात त्वांड उघडायचं न्हाई.”

“म्हंजी?”

“मंजी उघडायचंच न्हाई. आमच्याकडं चार पाव्हणे तुम्हाला कायतरी इचारणार, आन् तुम्ही ‘मी सांगतो की’ म्हणून सुरू व्हणार. ती तुमची खोडच हाय. आमी गावात सांगू, नवरीचा भाऊ मुका हाय.”

जयसिंगला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. त्यानं आनंदरावांकडं पाहिलं. आनंदराव वरणात भाकरी कुस्करत होते.

“एवढं एक करा,” ते खाली बघूनच म्हणाले. “आमची गावात पत हाय.”

त्यानं हौसाकडं पाहिलं. ती बिचारी ओशाळून जमीन टोकरत होती, पण तिच्या तोंडावर लग्न ठरल्याचा आनंद लपत नव्हता. जयसिंगनं मान डोलावली. (तोंड उघडलं नाही. म्हटलं सवय आत्तापासूनच केलेली बरी.)

लग्न मांडवगणला झालं, झोकात झालं. नवरीचा भाऊ मांडवात हात जोडून फिरत होता. कुणी काही विचारलं की छातीला हात लावायचा. वाढप्यांना खुणा करायचा. पंगतीत त्याला तिखट लागलं तरी तो ‘पाणी’ म्हणाला नाही, नुसता लाल झाला. गावातल्या म्हाताऱ्या त्याच्याकडं बघून हळहळल्या. एकीनं पाठीवरनं हात फिरवून ‘देवाला काळजी’ म्हटलं, तेव्हा शरमेनं त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि ती आणखीनच हळहळली. पाठवणीच्या वेळी हौसा त्याच्या गळ्यात पडून रडली. सगळा गाव बघतोय म्हटल्यावर त्याला तिला ‘नीट राहा गं’ एवढंसुद्धा म्हणता आलं नाही.

एकच घोटाळा राहिला होता. पोपटरावांची फोडणी मांडवगणात आधीच जाऊन पोचली होती, आणि चेअरमनांनीसुद्धा दौंडला निघायच्या आधी सोसायटीत बसून ‘आमचे पाव्हणे साहेबाशी इंग्रजीत बोलतात’ म्हणून चारचौघांत सांगितलं होतं. चेअरमनचा शब्द! तो मागं कसा घ्यायचा?

म्हणून आजही जयसिंग बहिणीला भेटायला गेला की मांडवगणच्या स्टँडवर उतरतानाच तोंड मिटून घेतो. पारावरची माणसं सरकून त्याला जागा देतात. गावात कुणी नवखा माणूस बसलेला असला, तर त्याला त्याची ओळख करून देतात.

“ह्ये चेअरमनचे पाव्हणे, रेल्वेत हाईत. बिचाऱ्याला बोलता येत न्हाई.”

आणि मग नवख्याच्या कानाशी लागून, पण जयसिंगला नीट ऐकू जाईल असं, कुणीतरी म्हणतंच, “पर इंग्रजी? समदं कळतं बरं का!”